सहा दारांचा बंगला आणि आमचं बाथरूम

मुलुंड पूर्व,
शनिवार, संध्याकाळ

चि. अनंतास,

कुंडलिकदादाचा जयभीम आणि (थोरला पडलो, म्हणून नाइलाजाने) आशीर्वाद.

तुझी तब्येत कशी आहे हे मी विचारणार नव्हतो, पण पत्र म्हटलं की विचारावं लागतं, म्हणून विचारतो. शुगर आटोक्यात आहे ना? तुझ्या मंडळींचे, प्रेमाचे, गुडघे काय म्हणतात? आमच्या निशाच्या लग्नात फोटोवाला सगळ्या घराला स्टेजवर बोलवत होता तेव्हा तू पान खायला गेलास, आम्ही फोटो काढून मोकळे झालो, आणि तू न जेवता तरातरा निघून गेलास. त्या दिवशी चारचौघांत मी म्हणालो होतो, या माणसाशी जन्मात बोलणार नाही. तो शब्द मी मोडलेला नाही. हे बोलणं नव्हे, लिहिणं आहे. तुझं भांडुप आणि आमचं मुलुंड, मधे एक नाहूर स्टेशन तेवढं, पण तीन वर्षांत तुला ते ओलांडता आलं नाही, हेही जाता जाता लिहून ठेवतो.

कारण असं की, माझ्या घरात माझ्या पाठीमागे काहीतरी शिजतंय. आमच्या चिरंजीवांना, मिथुनला, सांगावं तर तो आईच्या पार्टीतला. मग सख्ख्या भावाला नाही तर कोणाला सांगू?

दर शनिवारी दुपारी मी आमच्या रसिक मंडळात सिनेमा बघायला जातो. आज एक जुना इंग्रजी सिनेमा होता. मुळात ते नाटक, लंडनात धो धो चाललेलं, म्हणून त्याचा सिनेमा केला. आता नाटकाचाच सिनेमा तो, त्यामुळे सगळा कारभार एकाच दिवाणखान्यात. त्या दिवाणखान्याला सहा दारं! (आमच्या अख्ख्या फ्लॅटला बाथरूम धरून चार आहेत, त्यातलं गॅलरीचं लागत नाही.) साहेबाच्या बायकोने तिच्या मामाला कपाटात कोंबलाय, मोलकरणीने पोस्टमनला पलंगाखाली, आणि सासूबाई कोणाला तरी पडद्यामागे चहा पाजतायत. साहेब एका दारातून आत आला की मामा दुसऱ्यातून बाहेर. अख्ख्या गावाला माहीत, फक्त घरमालकाला माहीत नाही. पब्लिक हसून हसून खुर्चीवरून पडायचं बाकी होतं. मीही हसलो. मध्यंतरात बटाटेवडा खाताना मात्र डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अरे, हा साहेब म्हणजे तर मीच!

तूच बघ ना. शनिवारी बोंबील पिशवी भरून येतात आणि रात्री माझ्या ताटात पडतात दोन. विचारलं की तुझी वहिनी, संघमित्रा, म्हणते, "तळल्यावर आटतात." पेपरातलं शब्दकोडं मी आल्यावर सोडवतो, तर शनिवारी ते कोणीतरी आधीच भरलेलं, वर निम्मं चुकीचं. माझ्या खुर्चीची उशी दबलेली. माझ्या खुर्चीची, अनंता! या घरात त्या खुर्चीत बसायची हिंमत आजवर मांजराने केलेली नाही.

म्हटलं, आज सोक्षमोक्ष लावायचाच. अर्धा सिनेमा टाकला आणि रिक्षा करून थेट घरी. बेल वाजवली तर आत पळापळ. दार उघडायला एवढा वेळ लागला की त्यात त्या इंग्रज बाईने दोन मामा लपवले असते. "अहो, एवढ्यात कसे आलात?" हा तुझ्या वहिनीचा पहिला प्रश्न. (नवरा घरी आला तर बायकोला आनंद होतो असं मी ऐकून होतो.) रश्मीने, म्हणजे आमच्या सूनबाईने, माझ्याकडे बघून गोड हसत पायाने एक चप्पल सोफ्याखाली सारली. आणि बाथरूमचं दार आतून बंद.

"आत कोण आहे?" मी विचारलं. "नळवाला," संघमित्रा म्हणाली. "पाल," रश्मी म्हणाली. दोघी एकदमच. मी म्हटलं, म्हणजे नळवाला पालीला घेऊन आत बसलाय का? तर दोघीही म्हणाल्या, "हो." यार, त्या सिनेमातली माणसं यांच्यापेक्षा बरं खोटं बोलत होती.

तेव्हापासून मी बाथरूमसमोर खुर्ची टाकून बसलोय आणि हे लिहितोय. दोघी स्वयंपाकघरात कुजबुजतायत. आत नळ मधेच सुरू होतो, मधेच बंद होतो, दुरुस्ती झकास चालू असल्यासारखा. आता तूच सांग, अशा वेळी शहाण्या माणसाने काय करावं? प्रेमाला नमस्कार सांग. मुलांना पापा.

तुझा (अजून न बोलणारा),
कुंडलिक

ता. क. हे पत्र पोस्टात टाकत नाही, दाराच्या फटीतून आत सरकवतोय. लादी ओली आहे, लगेच उचल. नळ कितीही सोडलास तरी तुझा खोकला मला ओळखू येणार नाही, असं वाटलं होय रे तुला? आपल्या अण्णांसारखाच खोकतोस. आणि लवकर उघड. मध्यंतरात दोन कप चहा झालाय, माझी वाट लागायची वेळ आलीये.

ता. क. दुसरा. बाहेर आल्यावर वहिनीला बोलू नकोस, तिने मला काही सांगितलेलं नाही. तू दर शनिवारी येतोस हे मला पहिल्यापासून ठाऊक आहे. नाहीतर मला कसली आलीये सिनेमाची आवड? बोललेलं इंग्रजी मला कळत नाही, खालच्या पट्ट्या वाचेपर्यंत माणसं दुसऱ्या दारातून निघून गेलेली असतात. तू पोटभर जेवून निवांत जावंस म्हणून तिथे बसून राहतो. आज मात्र सगळे एवढे हसायला लागले, आणि शेजारी तू नव्हतास. मग बसवेना.

मी बोलणार नाहीच. पण आधी तू बोललास, तर मला उत्तर द्यावंच लागेल.