तुझ्या शब्दाचं वजन

१२ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. ‘पत्रास कारण की’ असं लिहायचं आणि मग कारण सोडून बाकी सगळं लिहायचं, ही आपल्या घरची जुनी रीत. मीही आज तेच करणार आहे, तेव्हा जरा धीर धर.

आम्ही सगळे बरे आहोत. हिचा गुडघा पुन्हा धरलाय, पण तोंड व्यवस्थित चालू आहे, म्हणजे काळजीचं कारण नाही. तुझी भाची सायकल शिकली आणि पहिल्याच फेरीत शेजाऱ्यांच्या दोन कुंड्या फोडून आली. शेजारीण भांडायला आली होती, तर हिनं तिलाच चहा पाजून परत पाठवलं.

ऑफिसात कामाचा डोंगर आहे. ‘माझा भाऊ कॉम्प्युटरवर काहीतरी करतो’ असं तू चारचौघांत सांगतेस, म्हणून एकदा नीट सांगतो. एखाद्या साइटनं दुसरीकडे बोट दाखवलं, की त्याला लिंक म्हणतात. ज्या साइटकडे चांगली माणसं बोट दाखवतात, तिला सर्चमध्ये वर जागा मिळते. सोयरीक जुळवताना शिफारस बघतात ना, तसंच. आमची कंपनी गिऱ्हाइकांसाठी अशा शिफारशी मिळवते. कशा मिळवते ते विचारू नकोस, पोटाचा धंदा आहे.

तर परवा तू म्हणालीस की महिनाअखेरीला खोली सोडतेस आणि मुलाकडे राहायला जातेस. तेव्हापासून मला घास गोड लागत नाही. चष्म्याच्या दुकानावरची ती खोली, गोलात मांडलेल्या एकमेकींशी न जुळणाऱ्या खुर्च्या, भिंतीवरचा आरसा. बोलताना अडखळणारी किती माणसं त्या आरशासमोर स्वतःचं नाव सांगायला शिकली! त्यांच्याही आधी, खोली नव्हती तेव्हा, स्वयंपाकघरात तू मला शिकवलंस. शाळेत मला ‘इंजिन’ म्हणायचे, सुरू व्हायला वेळ लागायचा म्हणून. माझं वाक्य बाकी सगळे पूर्ण करून टाकायचे. तू कधीच केलं नाहीस. भाजी करपली तरी थांबायचीस.

कंडक्टरकाका आठवतात? स्टॉपचं नाव तोंडातून निघेना म्हणून त्यांची नोकरी जायची वेळ आली होती. कुणाला विचारावं तर त्यासाठीही तोंडच उघडावं लागणार. त्यांनी मोबाइलवर टाइप केलं, आणि सर्चमध्ये पहिली तुझीच साइट दिसली. तुझ्याकडची निम्मी माणसं अशीच आली.

तू म्हणतेस, आता कुणी येत नाही, नवा फोन नाही. लोकांना माझी गरज उरली नसेल, नाहीतर माझ्यातच काही कमी पडलं असेल. ताई, असं मनात आणू नकोस. मंदी आहे, परीक्षांचे दिवस आहेत, सर्चचे नियमही रोज बदलतात. दोन महिने थांब. एवढ्यात खोलीची किल्ली देऊ नकोस. माझं ऐक.

चि. ला आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ


१९ मार्च

ताई,

नमस्कार लिहायची आज छाती होत नाही.

पत्र मिळाल्यावर तू लगेच फोन केलास. सरळ विचारलंस, “साइटचं काही बिघडलंय का रे? तुला काही माहीत आहे का?” मी ‘ता’वर अडकलो. तू थांबलीस. पलीकडे तुझा श्वास ऐकू येत होता, घाई नव्हती, कंटाळा नव्हता. मग मी म्हणालो, ताई, सगळीकडे मंदीच आहे. तू “बरं” म्हणालीस आणि हिच्या गुडघ्याला कुठलं तेल लावायचं ते सांगितलंस.

मी अडकलो नव्हतो. अडकल्याचं नाटक केलं. काय थाप मारावी ते सुचेपर्यंत वेळ हवा होता, आणि या जगात तू एकटीच अशी आहेस की तो वेळ देशील हे मला पक्कं ठाऊक होतं. फोन ठेवला तेव्हा ही समोर बसली होती. हिला सगळं माहीत आहे. ती म्हणाली, “आता तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते.” फोनवर पुन्हा तोच चोरमार्ग सापडेल, म्हणून लिहितोय.

तुझी साइट मी बिघडवली.

ती मीच बनवून दिली होती, तिच्या किल्ल्या, म्हणजे पासवर्ड, माझ्याकडेच होत्या. हॉस्पिटलं, शाळा, एक मोठं वर्तमानपत्र, सगळ्यांनी तुझ्याकडे आपण होऊन बोट दाखवलेलं. एका मीटिंगमध्ये आमचे साहेब म्हणाले, स्वच्छ साइट मिळत नाही हल्ली, लिंक लावायच्या कुठे? आणि मी हात वर केला. कुणी मागितलं नव्हतं. माझ्या एका साइटला फार वजन आहे म्हणालो. ‘माझ्या’ म्हणालो. त्या दिवशी मीटिंगमध्ये मी एकदाही अडखळलो नाही. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी धडाधड बोलत होतो. असं आयुष्यात कधी झालं नव्हतं. नशा चढली म्हण.

मग मुलांच्या अडखळण्यावरचं तुझं ते पान, जे लिहिताना तू रडली होतीस, त्याच्या तळाशी मी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत बारीक होण्याच्या गोळ्यांच्या आणि झटपट कर्जाच्या लिंका लावल्या. तुला दिसणार नव्हतं, वाचणाऱ्याला दिसणार नव्हतं, फक्त सर्चच्या यंत्राला वाचता येणार होतं. जणू तूच सांगतेस, या गोळ्या चांगल्या आहेत. पुढे पुढे तुझ्या साइटच्या पोटात आख्खी पानंच्या पानं घातली. गिऱ्हाईक वर चढलं, मला केबिन मिळाली. तुझ्या शब्दाला वजन होतं, ताई, आणि मी ते विकलं.

शेवटी सर्चवाल्यांनी आमचं सगळं जाळं पकडलं. सुक्याबरोबर ओलंही जळालं. तुझी साइट त्यांनी यादीतून काढूनच टाकली. खाली ढकलली नाही, काढून टाकली. नोटीस माझ्या ईमेलवर आली. तेव्हापासून तुझा फोन वाजायचा थांबला, आणि तू आरशासमोर बसून स्वतःत खोट शोधायला लागलीस. मला ते दिसत होतं. वर सुरुवातीला मी तुझी समजूत काढत होतो, वय झालं की थोडी विश्रांती घ्यावी म्हणून! त्या दिवशी माझी जीभ का झडली नाही?

अजून एक आहे. हे सगळ्यात वाईट. साइट परत घ्या म्हणून अर्ज करावा लागतो, काय चुकलं ते लिहून. मी तो तुझ्या नावानं केला. ‘मी लोभापायी ही चूक केली, मला क्षमा करावी’ असं लिहून खाली तुझं नाव घातलं. न केलेल्या पापाची तू माफी मागितलीस, तुला न विचारता. आणि तीही खोटीच होती, कारण सगळ्या लिंका मी काढल्याच नव्हत्या. साहेब मला म्हणाले होते, “त्या काढल्यास तर गिऱ्हाईक जाईल आणि त्याच्यामागोमाग तुझी नोकरी.” म्हणून दिसणाऱ्या काढल्या, आतल्या ठेवल्या. अर्ज फेटाळला. बरोबरच केलं त्यांनी.

आज सकाळी ऑफिसात गेलो आणि एकूण एक काढून टाकल्या. एकसुद्धा ठेवली नाही. नवा अर्ज माझ्या नावानं केला, हे माझ्या बहिणीला ठाऊक नव्हतं असं लिहून. दुपारी साहेबांनी बोलावलं. ओरडले नाहीत, उद्यापासून येऊ नको एवढंच म्हणाले. मी फुशारकी मारत नाही. हे मी तेव्हाच करायला हवं होतं. नोकरी वाचवत बसलो आणि तुझी खोली जायची वेळ आली. अर्जाचं उत्तर यायला किती दिवस लागतील कुणालाच सांगता येत नाही, आणि ते ‘नाही’ असंही येऊ शकतं. मेलेली साइट पुष्कळदा उठत नाही, हे मला तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मला काही सुचत नाही, ताई.

पण निघताना मी एक काम केलं. लोक सर्चमध्ये काय टाइप करतात ते आम्हाला ऑफिसात दिसतं. तू ज्या शब्दांना सापडायचीस, ते मी बघितले. ‘स्वतःचं नाव सांगताना अडकतो.’ ‘मुलाखतीत आवाज निघत नाही.’ ‘मुलगी शाळेत बोलत नाही, हसतात.’ एकानं नुसतं ‘फोन उचलायची भीती’ लिहिलंय. पूर्वीइतकेच आहेत, थोडे जास्तच. माणसं अजून तुलाच शोधतायत. त्यांना तू सापडत नाहीस, कारण मी दार बाहेरून लावून घेतलंय.

रविवारी मी येतोय. दार उघडू नये असं वाटलं तर उघडू नकोस, जिन्यात बसेन. माफी मागायला येत नाही, माफीचा मी आधीच पुरता विटाळ करून ठेवलाय. जे लिहिलं ते तुझ्यासमोर तोंडानं सांगायला येतोय.

खोली ठेव असं सांगायचा हक्क मला राहिला नाही. तू सोडणारच असशील तर सोड. पण ‘लोकांना माझी गरज उरली नाही’ म्हणून सोडू नकोस. माझ्या रागानं सोड.

तू म्हणशील तर तुझा,
धाकटा