घोंगडीवरचा शब्द

कोळवण, बुधवार, माघ, १९६१

देश स्वतंत्र झाला, माझी पाठ मात्र आजवर एका घोंगडीच्या ताब्यात होती. ओसरीवर टेकावं तर टोचायची. उचलून ठेवावी तर हात धजत नव्हता.

घोंगडी धोंडिबा धनगराची. पंचायतीत वरच्या आळीचे चार मेंबर, खालच्या आळीचे चार, मधे हा एकटा. वरच्या आळीच्या बाबूरावांनी माझ्याच ओसरीवर, त्याच्या घोंगडीवर बसून शब्द दिला: मत आम्हाला, गायरान मेंढरांना. घोंगडीवरचा शब्द धनगर मोडत नाही. बाबूराव धनगर नाहीत, एवढं तरी मला सुचायला हवं होतं. साक्षीदार मीच, म्हणून घोंगडीही माझ्याच ओसरीवर राहिली.

आज दोन्ही आळ्या एक झाल्या. बापजाद्यांचं वैर एका चहात विरघळलं, सरपंचपद निम्मं-निम्मं. पहिला ठराव, गायरानाला कुंपण.

"बाबूराव, शब्दाचं काय?"

"तात्या, शबूद मतासाठी व्हता. मत लागलंच न्हाई."

बिनतोड. मी हसलोसुद्धा. का हसलो?

संध्याकाळी घोंगडी झटकली, झटकली, पुन्हा झटकली. मग धोंडिबाच्या मेंढवाड्यावर घेऊन गेलो. बातमी माझ्याआधी पोचली होती.

"मेंढरं आता कुटं न्यायची, तात्या?"

मी घोंगडी पुढे केली. त्यानं हात पुढे केला नाही.

"ऱ्हाऊ द्या की तुमच्याकडंच. पुढल्या निवडणुकीला कुनीतरी बसाय येईलच."

घोंगडीची घडी त्याच्या पायाशी ठेवली आणि घरी आलो.