पोळ्याच्या दिवशी जुंपलेली शेवरोलेट

नागपूर,
दि. ६ ऑगस्ट १९६१

ती. दुर्गाबाईस,

धाकट्या तेजरामचा शि. सा. न. वि. वि.

इकडे आम्ही सर्व खुशाल. तुझे पत्र नाही, पण त्याची काळजी नाही. रागावलीस की तू लगेच लिहितेस, म्हणजे अजून रागावलेली नाहीस. हे वाचून रागावशील.

भाऊजी जाऊन दोन वर्षे होत आली. त्यांनी घेतलेली शेवरोलेट अजून बालाघाट-लालबर्रा टॅक्सी म्हणून धावते, तुझा दीर महागू ती चालवतो आणि त्यावर तुझे घर चालते, हे सगळे मान्य. पण ती गाडी आता पोरकी आहे. नुसते सुटे भाग आणून इथे जोडायचे नाहीत, गाडी इथेच बनवायची, असे सरकारने म्हटले आणि अमेरिकन कंपन्यांनी मुंबईतला बाडबिस्तरा गुंडाळला. आता मोटारी बनवणारे मोजकेच, कलकत्त्याला, मुंबईला आणि मद्रासला. गाड्या थोड्या, गिऱ्हाइके फार. पैसे भरून लोक वर्षानुवर्षे नंबरची वाट पाहतात. आमच्या मोटारींच्या शोरूमचे मालक दुलीचंद शेठ म्हणतात, ज्याच्या दारात रांग आहे त्याला जाहिरात लागत नाही.

शेठनी एक युक्ती काढली आहे. जुनी परदेशी गाडी शोरूमला द्यायची, म्हणजे नव्या गाडीच्या यादीत आपले नाव वर सरकते. तरी तीनेक वर्षे लागतील. तुझ्या वतीने मी होकार देऊन टाकला आहे. पोळ्याला टॅक्सी घरीच असते, म्हणून तोच दिवस मी सुचवला. शोरूममधले मोतीलालबाबू त्या दिवशी गाडी पाहायला येतील. हे जमले तर मला गोदामातून विक्रीच्या टेबलावर बसवणार आहेत.

महागूला नमस्कार. माझ्यावरचा लोभ या पत्रानंतरही टिकावा.

तुझा,
तेजराम


बालाघाट,
दि. १३ ऑगस्ट १९६१

चि. तेजरामास,

दुर्गाबाईचे अ. उ. आ.

रागावले. लगेच लिहिते आहे.

माझ्या वतीने होकार द्यायला तुला कोणी सांगितले? लग्नात भाऊ म्हणून यांचा कान पिळायलाही तू लाजत होतास, आणि आता माझी गाडी परस्पर देऊन मोकळा झालास. तीन वर्षे नंबरची वाट पाहायची म्हणतोस. तोवर लालबर्र्याची माणसे मी पाठीवर घेऊन जाऊ का? हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, हे आईने दोघांना एकाच वेळी शिकवले होते. तू तेव्हा झोपला असशील.

गाडी पोरकी आहे म्हणतोस. कंपनी गेली असेल, आम्ही कुठे गेलो? भरवेलीच्या खाणीतल्या वर्कशॉपचा हिरालाल सुट्टीच्या दिवशी येतो आणि जे मिळत नाही ते बनवून देतो. आणि तुमच्या त्या नव्या मोटारी! परवा सिव्हिल सर्जनसाहेबांची पाहिली. दोन वर्षांपूर्वीचीच गाडी, फक्त तोंडावरची जाळी बदललेली. म्हाताऱ्याने मिशा रंगवल्या म्हणून तो नवरदेव होत नाही. पूर्वी दुकानदार गिऱ्हाइकाला देव मानत. आता देवालाच रांगेत उभे करतात आणि वर तोच हात जोडतो, हा व्यापार चांगला शोधला रे तुमच्या कंपन्यांनी.

आणि पोळा? शहरात राहून तू इतका विसरलास? गाडी घ्यायला यांनी बैलजोडी विकली तेव्हापासून आपल्या घरी गाडीचाच पोळा होतो. आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला लावतात तसे हळद-तूप लावून तिलाच सांगतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." त्या दिवशी तिच्या खांद्यावर जू ठेवायचे नाही. मोतीलालबाबू पाहुणे म्हणून येऊ देत, पुरणपोळी वाढीन. गाडी मिळणार नाही, आणि त्या दिवशी तर जागची हलणारही नाही.

भावजयीची तब्येत कळव. लोभ आहेच, पण तो गहाण टाकू नकोस.

तुझी,
दुर्गाबाई


नागपूर,
दि. १५ सप्टेंबर १९६१

ती. बाईस,

शि. सा. न. वि. वि.

तू माझी चांगलीच शोभा केलीस. मोतीलालबाबू म्हणतात, जेवण उत्तम झाले, मग त्यांनी गाडी काढली आणि भरवेलीच्या रस्त्याला तिने वाफ सोडली. बॉनेट उघडले तर पंख्याचा पट्टा हळदीने पिवळा आणि तुपाने निथळत होता. पट्टा घसरायचा, पंखा फिरायचा नाही, पाणी उकळले. बाबू खाणीच्या काळ्या धुळीतून पायी परत आले. शोरूममध्ये आता मला सगळे हळद्या म्हणतात. हे तू मुद्दाम केलेस, असे मला वाटते.

शेठनी यादीतून तुझे नाव काढले. त्यांचे म्हणणे असे की बहिणीचे माफीपत्र आण आणि गाडी भंगाराच्या भावात दे, नाहीतर पुढच्या महिन्यापासून येऊ नकोस. नऊ वर्षे इथे घातली मी. मुले शाळेत जातात. बाई, एक ओळ लिहून दे, एवढेच.

दुसरी एक गोष्ट. परवा शोरूमच्या मागच्या अंगणात गेलो होतो. गोंदियाच्या एका टॅक्सीवाल्याची गाडी आमच्याकडे आली होती. तो बिचारा यादीत नाव घालून वाट पाहतो आहे, आणि त्याची गाडी तिथे गॅसने कापून पडलेली होती. तिचे सुटे भाग शेठ दुसऱ्या जुन्या गाडीवाल्यांना वाटेल त्या भावाने विकतात. ती गाडी मीच मिळवून दिली होती. हे तुला का लिहितो आहे, मला ठाऊक नाही.

तुझा,
तेजराम


बालाघाट,
दि. २२ सप्टेंबर १९६१

चि. तेजरामास,

अ. उ. आ.

मुद्दाम काही केले नाही. हे हयात होते तोवर हळद-तूप बॉनेटला लावत. गेल्या साली हे जाऊन वर्ष झाले नव्हते म्हणून सण केला नाही. यंदा महागू भावजींनी स्वतः केले. ते म्हणाले, बॉनेट काय ओढते? आतला पट्टा ओढतो, जू त्याच्याच खांद्यावर आहे. म्हणून पाव वाटी तूप त्यांनी तिथे चोळले. हिरालाल अजून हसतो आहे. पण मोतीलालबाबूंना मी सांगितले होते की आज जुंपायची नाही. भावजींनी तर हात जोडले. म्हणाले, "बाबू, आज तिले हात नका लावू, तिचा सण आहे." त्यावर बाबू म्हणाले की यंत्राला सण नसतो, आणि खुंटीवरची किल्ली स्वतःच घेतली. मग यंत्राने काय ते सांगितले. दुसऱ्या दिवशी सोडा घालून कढत पाण्याने पट्टा धुतला. गाडी रोज लालबर्र्याला जाते.

माफी लिहिणार नाही. एक ओळही नाही. माझ्या दारात येऊन माझी गाडी बळेच जुंपणाऱ्याने माफी मागावी. गाडीही देणार नाही. तुला ते अंगण पाहावले नाही हे वाचून मला रडू आले, आणि आनंदही झाला. आपलाच तेजराम आहे तो, अजून आहे.

तेव्हा ऐक. भावजींना हट्टा गावच्या बाजाराची फेरी सुरू करायची आहे. तिकिटे फाडायला, हिशेबाला, लोकांशी गोड बोलायला माणूस नाही. पगार शोरूमइतका नसेल. मुलांची शाळा इथेही आहे, हिंदीत शिकवतात, तुझ्या मुलांना जमेल. नऊ वर्षे त्या पेढीचे जू तुझ्या खांद्यावर आहे आणि कोणी तिथे बोटभर हळद लावली नाही. दसऱ्याला सगळे इकडेच या. खांद्याला हळद-तूप मी लावीन. आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.

लोभ असू दे. तो मात्र नंबर लावून देऊ नकोस.

तुझी,
दुर्गाबाई

ता. क. — निघताना शेठना निरोप दे. दुर्गाबाईची गाडी हवी असेल तर त्यांनी नंबर लावावा. यादीत सध्या त्यांचे एकट्याचेच नाव असेल. तरी तीनेक वर्षे लागतील.