पहिल्याच तुंब्याला ‘धन्यवाद’

हे मृत्युपत्र लिहून ठेवतो मी, एबारिस्तो लासागा, वय एक्याऐंशी, धंदा गुरांचा डॉक्टर, मध्यंतरी पाच वर्षे या प्रजासत्ताकाचा राष्ट्राध्यक्ष, राहणार सान बेनिसियो. बुद्धी शाबूत आहे. ऐकू कमी येते, पण पक्षवाल्यांची भाषणे ऐकून झाली असल्याने त्याची खंत नाही.

१. मला सरकारी इतमामाने पुरू नये. तोफा मुळीच नकोत, शेजारच्या गाभण गायी बिथरतात. हे तीनदा लेखी कळवले. तिन्ही वेळा पक्षाकडून आभाराचे पत्र आले. मला माझ्या पत्नीशेजारी, एउलालियाशेजारी ठेवावे.

२. पक्षाने भेट दिलेला माझा अर्धपुतळा पक्षाला परत. नाक माझे नाही.

३. वासरे ओढायचे दोर व हत्यारे गावच्या कृषिशाळेला. या दोरांनी मी चारशेवर वासरे सुखरूप बाहेर काढली. संसदेतून पाच वर्षांत एकच कायदा निघाला, तोही पायाळू.

४. राहते घर धाकटा भाऊ आन्सेल्मो यास. शपथविधीच्या सकाळी त्याने नेहमीप्रमाणे याच स्वयंपाकघरात येर्बाचा कडू चहा तुंब्यात भरून दिला. बाहेर मोटार खोळंबली होती, डोक्यात भाषण घोळत होते. पहिलाच तुंबा परत करताना मी ‘धन्यवाद’ म्हणालो. असे म्हणणे म्हणजे आता पुरे, हे इथे शेंबड्या पोरालाही कळते. तो म्हणाला, “नको झालं का माझ्या हातचं? बरं.” तेव्हापासून बावीस वर्षे तो रस्त्यापलीकडे राहतो आणि उंबरा ओलांडत नाही. समजूत घालायला मंत्री पाठवला, तर त्याच्यावर कुत्री सोडली. असल्या हट्टाला काय म्हणावे? मला त्याची रोज आठवण येते.

हे लिहून होते तोच दुसरा साक्षीदार तापाने पडल्याचा निरोप आला. पहिल्या साक्षीदार डेल्मिराबाई रस्त्यापलीकडे गेल्या आणि आन्सेल्मोलाच घेऊन आल्या. नोटरीबाईंनी त्याला बजावले, “काका, साक्षीदाराला वारसा मिळत नाही. सही केलीत तर घर गेलं.”

तो म्हणाला, “घर घेऊन काय करू? छप्पर गळतंय याचं. किटली कुठंय?”

म्हणून कलम ४ रद्द. घरही कृषिशाळेला, छपरासकट. आतापर्यंत चार तुंबे झाले. मी तोंडातून तो शब्द काढलेला नाही.

सही: एबारिस्तो लासागा
नोटरी: ओर्तेन्सिया बिदेगाइन
साक्षीदार: १. डेल्मिरा एचार्ट
२. आन्सेल्मो लासागा (उजव्या हातात किटली असल्याने सही डाव्या हाताने)

सान बेनिसियो, १४ ऑगस्ट २०१९