काचेआडचा ट्रॅक्टर

मी, खाली सही करणारा, वयाने ऐंशीच्या घरात असलो तरी गावात अजून ‘धाकटे मालक’ म्हणूनच ओळखला जाणारा, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. शाळेतल्या कविता शेवटच्या कडव्यापर्यंत येतात, हा माझा वेगळा दाखला. मला कोणी भरीस घातलेले नाही. मुलाने घालून पाहिले, साधले नाही. याआधी काही लिहून ठेवले असल्यास ते रद्द समजावे.

कलम एक. शोरूम, मागचे आवार आणि वरचा मजला. वडिलांनी पत्र्याच्या शेडमध्ये पाण्याची इंजिने दुरुस्त करण्यापासून सुरुवात केली. मग इंजिनांची एजन्सी आली, मग ट्रॅक्टर, मग मोटरसायकली. ही सर्व जागा माझ्या एकुलत्या मुलाला मिळेल, पण वहिनींच्या पश्चात. थोरल्या भावाच्या पत्नी, माझ्या वहिनी, वरच्या मजल्यावर तहहयात राहतील. तोवर जागा विकता, गहाण टाकता वा भाड्याने देता येणार नाही. मुलाने गिऱ्हाईक आणून ठेवले आहे, हे मला ठाऊक आहे. गिऱ्हाइकाला थांबू द्यावे. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक थांबतच आले आहे.

कलम दोन. काचेतला ट्रॅक्टर. याचे कारण सविस्तर लिहितो, म्हणजे कोर्टात कोणी मला भ्रमिष्ट ठरवणार नाही.

वडिलांचा शिरस्ता होता: न विकलेले यंत्र झोपू द्यायचे नाही. रोज सकाळी दुकान झाडण्याआधी प्रत्येक इंजिन एकदा सुरू करायचे. हे काम दादाचे. शीळ घालत तो रांगेने निघायचा आणि एकामागून एक यंत्रे जागी व्हायची. मी पायरीवर बसून कविता घोकायचो. माझ्या बालपणाचा आवाज विचाराल तर तो हाच.

एका शेतकऱ्याला चालवून दाखवायला दादा हा ट्रॅक्टर घेऊन कालव्याच्या उतारावर गेला. ट्रॅक्टर उलटला. दादा खाली सापडला. वडिलांनी ट्रॅक्टर दुरुस्त केला, रंगवला आणि किमतीची पाटी लावून काचेत उभा केला. आई म्हणाली, “हा डोळ्यांसमोर नको.” वडील म्हणाले, “माल आहे. माल विकायचा असतो, पुरायचा नसतो.”

तो विकला गेला नाही. गिऱ्हाईक ट्रॅक्टरच्या पायरीवर पाय ठेवी आणि उतरून हात पुसत दुसरे काही दाखवा म्हणे. सीट सकाळी कोमट लागते, ही आवई माझ्या मेहुण्याने उठवली. त्याला या मृत्युपत्राने काहीही मिळणार नाही. माझी छत्री त्याच्याकडे आहे, ती त्याने ठेवावी. सीट मी स्वतः हात लावून पाहिली आहे. त्याविषयी अधिक लिहीत नाही.

एजन्सी गेली, रांग संपली, हा एकच उरला. वडिलांमागे रोज सकाळी मी तो सुरू करतो. वहिनींना आता दिसत नाही. खाली इंजिन धडधडले की त्या म्हणतात, “हे खाली गेले,” आणि उठतात. आवाज आला नाही तर अंथरुणातच बसून राहतात, पाणीसुद्धा घेत नाहीत.

मुलगा म्हणाला, “बाबा, मेलेल्या माणसासाठी रोज डिझेल जाळता?”

मी म्हणालो, “जिवंत बाईसाठी जाळतो.”

“आणि तुमच्यानंतर?”

हा कागद त्यासाठीच आहे.

गेल्या महिन्यात मी दवाखान्यात पडून होतो, तेव्हा जीव वहिनींपाशी अडकला होता. घरी आलो तर त्या ठणठणीत. म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही नव्हतात तेव्हा रोज जरा लवकरच सुरू व्हायचा. हे लवकर उठायचे ना, तसा.” म्हणजे न सांगता आमच्या मिस्त्रीने जबाबदारी उचलली. असा माणूस मिळायला भाग्य लागते. माझ्यामागे त्यानेच वहिनींच्या हयातीपर्यंत ट्रॅक्टर रोज सुरू करावा. डिझेलचा खर्च मुलाने द्यावा.

कलम तीन. बँकेतली शिल्लक वहिनींच्या औषधपाण्याला, उरेल ती मुलाला. कवितांची पाठ्यपुस्तके नातीला. ती ‘बोअर’ म्हणते, तरी द्यावीत. हत्यारांची पेटी मिस्त्रीला आधीच दिली आहे. मृत्युपत्रातून त्याला काही ठेवले नाही, कारण वकील म्हणाले, घेणाऱ्याने साक्षीदार होऊ नये.

हे सर्व वाचून, समजून सही करत आहे.

ठिकाण: शोरूम, काचेजवळचे टेबल
दिनांक: १७ नोव्हेंबर २०११

सही (धाकटे मालक)

साक्षीदार १: शेजारचा शिंपी. मालकांनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार २: मिस्त्री. माझ्यासमोर सही केली. वकीलसाहेबांच्या परवानगीने एक खुलासा लिहितो. मालक दवाखान्यात असताना मी ट्रॅक्टर सुरू केलेला नाही. बॅटरी उतरू नये म्हणून काढून माझ्या घरी नेली होती, ते परत यायच्या आदल्या दिवशी बसवली. बाकी मजकूर मान्य आहे. यापुढे रोज सुरू करीन, पण सकाळी सोबतीला कोणीतरी द्यावे.