बारीक जाळीच्या पिशव्या

१४ ऑक्टोबर

चि. धाकटीस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि पानांच्या खताचं पुडकं, दोन्ही पोचलं. इकडे सगळं ठीक. कारखान्यात जाळ्यांना मागणी बरी आहे. थोरला मुलगा आता यंत्रांकडे बघतो आणि माझ्यासारखाच कामगारांवर ओरडतो. फरक एवढाच की ते त्याचं ऐकतात. तुझी वहिनी मजेत असली की भांडते. सध्या फारच मजेत आहे.

जंगलात पानं भरून ठेवलेल्या शेवटच्या पिशव्या आता उचलायच्यात, किती पान कुजलं आणि किती उरलं ते वजन करून बघायचंय, तेव्हा दादानं यायलाच हवं, असं तू लिहिलंस. पिशव्या आमच्याच कारखान्यातल्या, म्हणजे मान माझाच. पहिली खेप आठवते ना? तू मोठ्या छिद्रांची जाळी सांगितली होतीस. मी म्हटलं, बहिणीचं काम, माल कसा जन्मभर टिकला पाहिजे! मच्छरदाणीची बारीक जाळी दुहेरी करून शिवली. वर्षानं तू त्या उघडून बघितल्यास, तर पानं बरीचशी होती तशीच.

"अरे दादा, आत गांडूळच शिरलं नाही तर पान कुजणार कसं? आणि पान कुजलं नाही तर झाडानं खायचं काय?"

कारखान्यात अजूनही एखादं काम गरजेपेक्षा मजबूत झालं की म्हणतात, "धाकट्या बाईंचं गांडूळ उपाशी मेलं!"

तर येणं जमणार नाही. कामाचा रगाडा आहे.

रगाडा तसा थोरलाच उपसतो. मला डॉक्टरीणबाईंनी ओली माती, कुंड्या, पालापाचोळा यांपासून लांब राहायला सांगितलंय. बुरशी बाधेल म्हणे. तुझं पुडकं वहिनीनं न उघडताच शेजारणीला दिलं. तिचा गुलाब तुला दुवा देतोय.

उन्हाळ्यापासून दम लागायचा. जरा कुठे आपटलं की काळानिळा डाग. तपासण्यांत निघालं ते असं: अंगातले पहारेकरी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी, बिथरल्यात आणि हाडांतल्या ज्या मज्जेत रक्त तयार होतं, तिच्यावरच तुटून पडल्यात. बाई म्हणाल्या, "पूर्वी आम्ही नुसतं बाहेरून रक्त चढवत बसायचो. आता कोणत्या पेशी बिघडल्यात ते कळतं. त्यांना गप्प करता येतं."

मी म्हटलं, "गप्प करायचंय ना? माझ्या बायकोला सांगा. तिचा हातखंडा आहे."

औषध झालं. पेशी गप्पही झाल्या. रक्त मात्र मनासारखं तयार होईना.

माझे कान तुला माहीत आहेत. पडद्यापलीकडे बाई सहायकाला हळूच म्हणाल्या, "सख्खं भावंड आहे का बघ. जुळलं तर त्याच्याच पेशी देऊ. आणखी थांबण्यात अर्थ नाही." आत येऊन मला विचारलं, "भावंडं किती?"

"एक बहीण. पण ती जंगलात असते. तिथे फोन लागत नाही."

"बरं, मग?"

"मग काय. कामात आहे ती."

वहिनी शेजारीच होती. घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणाली, "तिला वाढवलंत, शिकवलंत, तिच्याकडून घेतलं मात्र काही नाहीत. तुमची जाळी फारच बारीक हो. कुणाला आत येऊच द्यायचं नाही."

"अगं, पिशव्या वेळेवर उचलल्या नाहीत तर तिची इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात."

"ते तिला ठरवू दे की. तुम्ही कोण ठरवणार?"

आधी तुझं नुसतं रक्त तपासतात. जुळलं तर तुझ्या मज्जेतल्या थोड्या पेशी काढून मला देतात. तुझ्या पुन्हा भरून येतात. चारांत एकदा जुळतं म्हणे, म्हणजे न जुळण्याचीच शक्यता जास्त. 'पिशव्या उचलून झाल्या की सवडीनं ये' असं इथे लिहिलं होतं. वहिनीनं खोडायला लावलं. बाईंनी 'सवड' हा शब्द वापरला नव्हता, म्हणाली. तो मीही ऐकला नव्हता.

जंगलातले बूट तिथेच ठेव. अंगावर एक पानही आणू नकोस.

प्रत्येक पत्राच्या शेवटी मी 'काही लागलं तर कळव' असं लिहितो. वहिनी म्हणते, त्याचा शिक्काच करून घ्या. या वेळी मला लागतंय. म्हणून कळवतोय.

तुझी वाट बघणारा,
दादा