अंगणाच्या भिंतीतला दगड

३ मार्च
आमच्या गावाखाली अडीच हजार वर्षांचं ग्रीक शहर पुरलंय. एक खांब निघाला की पुरातत्त्व खातं बांधकाम थांबवतं, म्हणून गाव पाया गुपचूप खणतं. समोर चुलतभाऊ थोदोरोसने दोन मजल्यांच्या घराचा पाया खणायला घेतलाय. माझा समुद्र झाकला जाणार. त्याचं मला काही नाही, काळजी इतिहासाची आहे.
लेकीला घर बापाने द्यायचं ही इथली रीत. एवंथियाचं लग्न उन्हाळ्यात, तिचं घर माझ्या अंगणात. तोवर डोकं शांत ठेवायचं.

५ मार्च
थोदोरोसच्या खड्ड्यात काहीच निघत नाही. नशीब एकेकाचं! आपल्या अंगणाच्या निळ्या भिंतीत आजोबांनी बसवलेला कोरीव दगड आहे. इतिहासाला जरा हातभार लावावा.

६ मार्च, पहाटे ५
पहारीने अर्धाच निघाला. अर्धा पुरे. थोदोरोसच्या खड्ड्यात पुरला. कंबर धरली. बायको फ्रोसोने विचारलं, भिंतीला भोक कसलं? म्हटलं, वाऱ्यासाठी.

९ मार्च
खात्याला फोन केला. नाव सांगितलं नाही, प्रसिद्धीची हौस नाही. काम बंद! थोदोरोस डोकं धरून बसला होता. त्याला कॉफी पाजली. धीर दिला. मन मोठं लागतं.

१४ मार्च
अथेन्सहून खात्याच्या बाई आल्या. खड्ड्यातला दगड पुसून म्हणाल्या, प्राचीन काळी निळा ऑइलपेंट मिळायचा का? थोदोरोस म्हणाला, बाई, हा निळा गावात एकाच भिंतीला आहे. सगळे हसले. मीही हसलो.

१५ मार्च
बाईंनी दगड माझ्या भिंतीतल्या भोकात धरला. चपखल बसला, उरलेल्या अर्ध्याशी अक्षरं जुळली. प्राचीन नगरसभेचा शिलालेख! बाईंनी विचारलं, मूळचा कुठला? म्हटलं, आठवत नाही. बघायला जमलेलं अख्खं कॅफे ओरडलं, याच्या आजोबांनी याच अंगणात खणून काढला, तीस वर्षं हाच सांगतोय! उद्या माझ्या अंगणात लहानसा चाचणी खड्डा. काही निघणार नाही. आजोबा थापाडेच होते.

२ एप्रिल
नगरसभेच्या सात पायऱ्या निघाल्या. लिंबाचं झाड गेलं.

११ मे
अंगण सरकारने ताब्यात घेतलं. एवंथियाला म्हटलं, पोरी, इतिहासात आपलं नाव राहील. होणारा जावई म्हणाला, मग आम्ही संसार त्या नावात थाटायचा का?

२० सप्टेंबर
थोदोरोसचा खड्डा तेव्हाच तीन दिवसांत मोकळा झाला होता. घर झालं. वरचा मजला त्याने एवंथियाला दिला. भाडंही घेत नाही, मेला. जाणार नव्हतो, फ्रोसोने ओढत नेलं. गच्चीवरून समुद्र लांबपर्यंत दिसतो. एवंथिया म्हणाली, बाबा, तुमचं अंगणही दिसतं बघा. बघवलं नाही.
थोदोरोसने मला कॉफी पाजली. धीर दिला.